चाकांवरचे घर आणि दारातला कुत्रा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कोथरूडमधील एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. त्यांचे वडील माझे जुने रुग्ण. त्यांच्याविषयी त्यांना बोलायचे होते. (ओळख पटू नये म्हणून या लेखातील काही तपशील मी बदलले आहेत.)

“बाबांनी गाडी घेतली आहे,” त्या म्हणाल्या. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “म्हणजे खरे तर घरच घेतले आहे.”

वडिलांचे वय ६९. पिंपरीतील कारखान्यात आयुष्यभर यंत्रांवर काम केलेले. पत्नीला जाऊन दोन वर्षे झालेली. मधुमेहासाठी रात्री इन्शुलिन, रक्तदाबासाठी एक गोळी. घरात दोन कुत्रे: अकरा वर्षांचा लॅब्राडोर ब्रुनो आणि रस्त्यावरून उचलून आणलेली चार वर्षांची चिंगी. पवना धरणाच्या जलाशयाकाठी त्यांच्या एका मित्राने पर्यटकांसाठी तंबूंची वस्ती उभारली आहे. मित्राने सुचवले, “दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत इथेच येऊन राहा. जागा, पाणी, वीज आणि दोन वेळचे जेवण माझ्याकडे. संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत, त्यांना तंबू दाखवणे, नियम सांगणे आणि रात्री शेकोट्या विझल्या आहेत ना, हे पाहणे तुझ्याकडे.” टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले, पलंग, ओटा आणि न्हाणीघर असलेले एक वापरलेले वाहन काकांनी विकतही घेतले होते.

“डॉक्टर, तुम्ही नाही म्हणा. बाबा तुमचे ऐकतात,” मुलगी म्हणाली.

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आई गेल्यावर उरलेला एकुलता आधार डोंगराआड निघाला होता. ‘नाही’ म्हणणे मला सोपे होते. परंतु पत्नी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत या गृहस्थांचे वजन सहा किलोंनी उतरलेले मी पाहिले होते. दुपारी बारापर्यंत अंथरुणात, रात्री दोनपर्यंत दूरचित्रवाणीसमोर. सुरक्षित घरात बसून माणूस हळूहळू विझत जातो, हेही वैद्यकाने पाहायचे असते. मी म्हटले, “आधी त्यांच्याशी बोलते. मग सांगते.”

कल्पना तितकी परकी नाही

अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. निवृत्त माणसे आपले चाकांवरचे घर घेऊन राष्ट्रीय उद्यानांतील किंवा वनखात्याच्या तळांवर एखादा हंगाम राहतात. बदल्यात पाहुण्यांची व्यवस्था पाहतात. अनेकांच्या सोबतीला कुत्रा असतो. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या पुस्तकामुळे अशा प्रवासाला मोठी प्रसिद्धी मिळाली. त्याचे लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली, वयाच्या ५८व्या वर्षी, चार्ली नावाच्या आपल्या पूडल कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाले होते. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशी वाहने उभी करण्याच्या तळांचा विचार त्यात झाला.

मात्र कुत्र्यासह फिरत्या घरात राहण्याची रीत पुणेकरांना त्याआधीपासून ठाऊक आहे. पावसाळा सरून दिवाळी झाली की फलटण, बारामतीकडच्या कोरड्या मुलखातले धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांनी घाटाकडे आणि पुढे कोकणाकडे निघतात. घोड्याच्या पाठीवर सारा संसार, त्यावर कोंबड्या, कोकरे आणि कधी कधी लहान मूलही. मुक्कामाच्या या वस्तीला ‘वाडा’ म्हणतात. शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत त्याला मिळते आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. म्हणजे जागेच्या बदल्यात सेवा, हा व्यवहार येथेही आहेच. रात्री लांडग्यावर नजर ठेवायला कुत्रा. खंडोबाच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्र्यालाही मान आहे, तो उगीच नव्हे.

हे कष्टाचे जिणे आहे. हौसेच्या सहलीशी त्याची तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही वाड्याकडून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वाट ठरलेली आणि ओळखीची असते. वाड्यातल्या प्रत्येकाला, कुत्र्यालासुद्धा, नेमून दिलेले काम असते. आणि परतीचा काळ ठरलेला असतो. पावसाआधी मूळ गावी परतायचेच. काकांशी बोलताना मी याच तीन गोष्टी समोर ठेवल्या. वाट एकच: कोथरूड ते पवना, आणि वाहन नेण्या-आणण्याचे काम पगारी चालकाचे. काम मर्यादित आणि लिहून ठरवलेले. परत येणे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कारण मावळातला पाऊस वयस्कर माणसाशी आणि चिखलात रुतणाऱ्या चाकांशी दयामाया दाखवत नाही. त्यांनी तिन्ही मान्य केल्या. मग मी मुलीला फोन करून सांगितले, “मी नाही म्हणणार नाही. पण तयारी मात्र आपण तिघे मिळून करू.”

कुत्रा औषध आहे का?

कुत्रा पाळल्याने आयुष्य वाढते, असे आपण ऐकतो. स्वीडनमध्ये ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदींवरून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या माणसांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा मोठा आहे. पण तो जपून वाचावा. मुळात ज्यांची प्रकृती बरी, तेच कुत्रा पाळण्याच्या फंदात पडतात, असेही असू शकते. म्हणून ‘कुत्रा घ्या, प्रकृती सुधारेल’ अशी चिठ्ठी मी कोणालाही लिहून देणार नाही.

याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. अमेरिकेतील एका अभ्यासानुसार, पट्ट्याला धरून कुत्रा फिरवताना ६५ वर्षांवरील माणसांना झालेल्या अस्थिभंगांची अंदाजे संख्या २००४ मधील १,६७१ वरून २०१७ मध्ये ४,३९६ झाली. त्यांत सर्वाधिक प्रमाण खुब्याच्या हाडाचे होते आणि जखमींत स्त्रिया बहुसंख्य. खुबा मोडला की उतारवयात माणसाचे स्वातंत्र्यच मोडते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात अनुभवले असेल.

त्यामुळे आम्ही ठरवले ते असे: पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, हातात नुसता धरायचा; ओढ बसली तर सोडून देता आला पाहिजे. दोन्ही कुत्र्यांना एकाच वेळी फिरवायचे नाही. पायांत मागून बंद असलेले, पकड असलेले बूट. आणि कुत्री झोपण्याची जागा पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेवर नको. फिरत्या घरात वाट जेमतेम दोन फुटांची असते. रात्री लघवीला उठलेला माणूस अंधारात झोपलेल्या कुत्र्यावर अडखळून पडणे, हा साप-विंचवांपेक्षा मोठा धोका आहे. काकांनी पलंगाखाली हालचालीने पेटणारा मंद दिवा लावला आणि लघवीचे भांडे पलंगाजवळ ठेवले. रात्री खाली उतरायचेच नाही, हा नियम झाला.

रानातले धोके, थोडक्यात

तळावर अनोळखी कुत्री येतात. भांडणे सोडवताना चावा बसतो. आपल्या कुत्र्यांना रेबीजची लस दरवर्षी दिलेली हवीच. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी लशीसाठी रुग्णालय गाठावे. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. काकांनी जाण्यापूर्वीच प्रतिबंधक मात्रा घेतल्या.

गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज पाहावी. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. उंदीर, गुरे आणि कुत्र्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असताना डबक्यांतून चालू नये. कुत्र्यासाठी याची लस असते, पशुवैद्याला विचारून ती द्यावी. ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना ‘मी रानात, कुत्र्यांसोबत राहतो’ हे आवर्जून सांगावे. निदानाची अर्धी वाट या एका वाक्याने सुकर होते.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. उंच पलंग आणि मच्छरदाणी यांनी तो धोका बराच टळतो. घोणस आणि फुरसे पायवाटेवर भेटतात. म्हणून संध्याकाळनंतर विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. सर्पदंश झाल्यास चिरू नये, घट्ट बांधू नये, १०८ ला फोन करावा. सर्पविषावरील लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहून ठेवावे.

एक धोका मात्र लोक विसरतात. डिसेंबरच्या थंडीत कोळशाची शेगडी बंद गाडीत घेऊन कधीही झोपू नये. जळत्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. कुत्र्याच्या बाबतीतही तेच. आणि उन्हात बंद गाडीत कुत्र्याला पाच मिनिटेसुद्धा ठेवू नये.

उन्हाचा प्रश्न औषधांनाही लागू आहे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, शीतकपाटात ठेवावे लागते. वापरातले साधारणपणे चार आठवडे गार जागी चालते. काकांच्या गाडीत लहान शीतकपाट आहे, पण तळावर वीज जाते. त्यांनी जुनाच उपाय केला: मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, मडक्यात डबीत ठेवलेले इन्शुलिन, वर ओले फडके. गाडी सावलीत, माठ गाडीबाहेर छपराखाली.

एका संध्याकाळी

जानेवारीत मी स्वतः तिथे गेले. समोर तिकोना, पलीकडे तुंग, मध्ये निवांत पाणी. काका सहाला उठत होते, कारण चिंगी सहाला उठवत होती. सकाळी एक, संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या. नऊला दोघांचे खाणे, त्याबरोबर त्यांची न्याहारी. चारनंतर पाहुणे. लहान मुले त्यांना आजोबा म्हणत आणि ब्रुनोच्या पाठीवर हात ठेवून बसत. वजन दोन किलोंनी वाढले होते. झोपेची गोळी बंद झाली होती. ती मी बंद केली नव्हती, त्यांना तिची आठवणच राहिली नव्हती.

परंतु सारे सुरळीत चालले होते, असे सांगणे खरे होणार नाही. माझ्या भेटीच्या तीन आठवडे आधी, एका शनिवारी पाहुण्यांची मोठी बस दोन तास उशिरा आली. काकांनी नेहमीच्या वेळी इन्शुलिन टोचून घेतले आणि ‘आधी यांना तंबू दाखवतो, मग जेवतो’ म्हणून निघून गेले. साडेनऊच्या सुमारास ते गाडीच्या पायरीवर बसले होते. अंगाला घाम, बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती.

त्या वेळी ब्रुनो एकसारखा भुंकत होता. आपल्याला आवडणाऱ्या कथांत कुत्रा धन्याचे प्राण ओळखून वाचवतो. ब्रुनोने तसे काही केले नाही. त्याला आठला जेवण मिळायचे, ते मिळाले नव्हते. म्हणून तो भुंकत होता. स्वयंपाकघरातल्या मुलाने ते ऐकले आणि त्याच्या मनात आले, ‘आजोबा ब्रुनोचे जेवण विसरत नाहीत.’ तो पाहायला गेला. मधुमेहाचे काय करायचे हे त्याला काकांच्या मुलीने पहिल्याच दिवशी शिकवले होते: माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८. त्याने तसेच केले. वीस मिनिटांत काका सावरले.

मला या प्रसंगाने बरेच शिकवले. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा मोठा धोका म्हणजे त्याचे चुकणे कोणाच्या ध्यानातच न येणे. कोथरूडच्या घरात जेवण टळले असते तर कोणालाही कळले नसते. तिथे दोन वर्षे जेवणे टळतच होती. येथे एका मुक्या जिवाचे ताट त्यांच्यावर अवलंबून होते, म्हणून त्यांची गैरहजेरी दहा मिनिटांत उघड झाली. ज्याच्या वेळेला आपण बांधलेले असतो, त्याला आपली अनुपस्थिती कळते. कुत्र्याचे, कामाचे, पाहुण्यांचे औषधी मोल कशात असेल तर या बांधलेपणात आहे.

त्यानंतर नियम बदलला. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. खिशात नेहमी साखर. आणि रात्री आठ ते नऊ काकांचे काम बंद. त्या तासात पाहुणे आले तर दुसरा माणूस जातो. मित्राने ते आनंदाने मान्य केले. अशा कामात मैत्रीखातर सगळे तोंडी ठरते आणि मग संकोचाने माणूस वाकत जातो. कामाचे तास, सुटीचा दिवस, ओझे न उचलण्याची अट आणि आजारपणात कोणी कोणाला कळवायचे, हे मित्र असला तरी कागदावर असावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

असा बेत सर्वांसाठी नाही. विसराळूपणा वाढत असेल, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकत असेल, चूल किंवा गॅस बंद करायचा राहत असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा वारंवार पडणे होत असेल, तर मोकळ्या रानातला मुक्काम नको. तेथे प्रेमाने पण स्पष्टपणे नाही म्हणावे. ज्यांना जाता येण्याजोगे आहे, त्यांनीही आधी आठ दिवस राहून पाहावे, मग हंगामाचा विचार करावा. वाहनात स्वतःच्या मनाने बदल करून घेऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्याला मर्यादा आहेत आणि गॅस, विजेची जोडणी जाणत्या माणसाकडूनच व्हावी.

मुलांना मी एकच विनंती करते. रोजचा फोन चौकशीचा नसावा. ‘गोळी घेतली का, इन्शुलिन घेतले का’ या प्रश्नांना वडील ‘हो’ असेच उत्तर देतात. काकांची मुलगी रोज रात्री साडेआठला फोन करते आणि विचारते, “ब्रुनोने आज काय खाल्ले?” ब्रुनोचे जेवण सांगता सांगता काका स्वतःचेही सांगून जातात.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चालक गेला आणि गाडी परत आली. ब्रुनो आता बारा वर्षांचा आहे. त्याच्या मागच्या पायांत शक्ती उरलेली नाही. गाडीची उंच पायरी त्याला चढवेना, तेव्हा काकांनी तिथेच फळ्या जोडून, वर काथ्याची चटई ठोकून एक उतरंड तयार केली. पुढच्या दिवाळीला जायचे की नाही, हे ब्रुनोच्या प्रकृतीवर ठरेल, असे ते म्हणाले.

परवा त्यांची मुलगी तपासणीसाठी त्यांना घेऊन आली होती. ते वजनकाट्याकडे गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, “डॉक्टर, त्या उतरंडीवरून आता बाबाही चढतात. मी पाहिले, पण काही बोलले नाही. तिला हाताशी एक कठडा मात्र बसवून घेणार आहे.”